नेड केलीचं चिलखत आणि नांगराचं लोखंड

नेड केलीचं शिरस्त्राण तुम्ही कुठे ना कुठे बघितलेलं असणार, भले त्याचं नाव माहीत नसेल. काळपट लोखंडाचा उभा डबा आणि समोर डोळ्यांसाठी एक आडवी फट, बास. ऑस्ट्रेलियात ते टीशर्टवर असतं, लोकांच्या दंडावर गोंदलेलं असतं, गावाकडच्या घरांपुढे त्या आकाराच्या पत्रपेट्या असतात, २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात तर असल्या शिरस्त्राणवाल्यांचा अख्खा ताफा मैदानात उतरला होता. इतकं सगळीकडे दिसतं ना, की मग त्याचं लोखंड दिसेनासं होतं, उरतं नुसतं चिन्ह. कुणासाठी गरिबांच्या बंडाचं, कुणासाठी पोलिसांचे खून करणाऱ्या गुंडाचं, आणि दोन्ही बाजू गेली दीडशे वर्षं भांडतायत.

मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत खरं चिलखत काचेआड ठेवलंय. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले, आणि पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे हे काम किती ओबडधोबड आहे. पत्र्यांच्या कडा एकमेकींना नीट भिडत नाहीत, ठोकून वाकवताना राहिलेले पोचे तसेच आहेत, जोडाजोडीला जाडजूड बोल्ट. छातीचा पत्रा, पाठीचा पत्रा, खांद्यांचे पत्रे आणि पोटाखाली लोंबणारा एक पत्रा, सगळं मिळून साधारण ४४ किलो. जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास. आणि अंगावर गोळ्यांच्या खुणा, खोलगट, वाटीसारख्या.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेडचा बाप आयर्लंडचा, दोन डुकरं चोरली म्हणून तस्मानियात (तेव्हाचं नाव व्हॅन डीमेन्स लँड) सात वर्षांच्या शिक्षेवर धाडलेला कैदी. नेड व्हिक्टोरियात जन्मला, लहानपणीच बाप गेला, मग घोडेचोरी, तुरुंग, पुन्हा घोडेचोरी. एप्रिल १८७८ मध्ये फिट्झपॅट्रिक नावाचा कॉन्स्टेबल नेडच्या भावाला, डॅनला, पकडायला घरी आला, झटापट झाली, आणि नेडने माझ्यावर गोळी झाडली असं त्याने सांगितलं. आई एलन केली हिला तीन वर्षांची शिक्षा झाली, अंगावर पितं बाळ असताना. ऑक्टोबरमध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीकला केली बंधू आणि त्यांचे दोन मित्र जो बर्न आणि स्टीव्ह हार्ट यांनी त्यांच्या शोधात आलेल्या तीन पोलिसांना मारलं. मग खास कायदा करून चौघांना कायद्याबाहेर टाकलं गेलं, म्हणजे दिसला की कुणीही गोळी घालावी. युरोआची बँक, जेरिल्डेरीची बँक, डोक्यावर ८००० पौंडांचं इनाम, आणि जून १८८० मध्ये ग्लेनरोवन गावी पोलिसांशी शेवटची लढाई. ११ नोव्हेंबर १८८० ला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी. वय २५.

आता चिलखताकडे वळू, कारण मला त्यात जे दिसलं ते या गोष्टीपेक्षा वेगळं आहे.

हे लोखंड नांगराचं आहे. लोखंडी नांगरात फाळाच्या मागे एक बाकदार जाड पत्रा असतो, फाळाने चिरलेली माती त्याच्यावर चढते आणि उलटून बाजूला पडते, तो पत्रा. असे बरेच पत्रे जमवून, तापवून, ठोकून चार चिलखतं बनवली. एका पत्र्यावर तर लेनन या मेलबर्नच्या नांगरवाल्याचा शिक्का अजून आहे. लढाईसाठी अंगावर चढवलेल्या पत्र्यावर शेतीच्या अवजाराचा ट्रेडमार्क. मला तो शिक्का त्या फटीपेक्षा जास्त बोलका वाटतो, कारण नांगर त्या भागात घरोघरी का होते याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजेच या सगळ्या भानगडीचं मूळ.

व्हिक्टोरियात सोन्याच्या मागे आलेली माणसं सोनं संपत आल्यावर जमीन मागायला लागली. पण चांगली जमीन आधीच स्क्वॉटर लोकांनी धरून ठेवलेली, म्हणजे हजारो एकर कुरणांवर मेंढ्या-गुरं चारणारे धनदांडगे. मग सरकारने एकामागून एक कायदे केले, १८६०, १८६२, १८६५, १८६९. शेवटच्या कायद्यात लहान माणसाला ३२० एकरांपर्यंत तुकडा निवडता यायचा, पण अटी होत्या: तिथे राहायचं, कुंपण घालायचं, आणि दहावा हिस्सा जमीन लागवडीखाली आणायची. दर एकरामागे वर्षाला दोन शिलिंग भरायचे ते वेगळेच. म्हणजे नांगर घेणं ही कायद्याचीच सक्ती म्हणा ना. जमीन हलकी, मोठी झाडं तोडायची, बाजार लांब, आणि गुरं चुकून शेजारच्या स्क्वॉटरच्या हद्दीत गेली की तो ती कोंडवाड्यात घालणार आणि सोडवायला पैसे भरा. एलन केलीकडे इलेव्हन माइल क्रीकला ८८ एकर होते, विधवा बाई, घरभर पोरं. अशा घरांमध्ये नांगर हा आशेचा पण होता आणि कर्जाचा पण. नेडने जेरिल्डेरीला एक लांबलचक पत्र दिलं होतं, साधारण ८००० शब्दांचं, जो बर्नच्या हातचं, ते आता याच लायब्ररीत आहे, आणि त्यात पोलिसांना घातलेल्या शिव्यांच्या मधोमध कोंडवाडे आणि धनदांडगे हे विषय सारखे येतात. पत्र वाचून जे कळतं तेच हे लोखंड हाताला कळेल इतक्या ठोसपणे सांगतं.

अर्थात म्हणून घोडेचोरी माफ होत नाही. त्याने चोरलेली सगळी जनावरं काही श्रीमंतांचीच नव्हती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नांगराचं लोखंड म्हटलं की लगेच 'शेतकऱ्यांचा राजा' असं काहीतरी म्हणायचा मोह होतो आणि तो मोह मलाही झाला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे हे काम चौघांच्या आवाक्यातलं नाही. पत्रे कुठून आले? काही शेतांवरून चोरीला गेले, १८८० च्या सुरुवातीच्या महिन्यांत तशा तक्रारी पोलिसांकडे आल्या होत्या, आणि काही ओळखीच्यांनी दिले असं त्या भागातली माणसं पिढ्यान्पिढ्या सांगत आलीत. एवढं लोखंड जंगलात नेणं, भट्टी पेटवणं, दिवसच्या दिवस घण घालणं, तो आवाज किती लांब जात असेल विचार करा, आणि हे सगळं कधी, तर ८००० पौंडांचं इनाम लागलेलं असताना. एका कुटुंबाचं नशीब पालटलं असतं त्या पैशात. तरी कुणी ठोकणाऱ्याचं नाव सांगितलं नाही आणि आजपर्यंत ते नक्की झालेलं नाही.

खबर अजिबातच गेली नाही असं नाही बरं का. पोलिसांचा एक खबऱ्या होता, त्याच्या पत्रांत तो आजारी जनावरांची चौकशी करणारा माणूस असल्यासारखं लिहायचा, सांकेतिक भाषेत. त्याने २० जून १८८० ला, म्हणजे ग्लेनरोवनच्या जेमतेम आठवडाभर आधी, कळवलं होतं की शेतीच्या अवजारांचे हरवलेले भाग आता जॅकेट म्हणून घडवले जातायत, अंगाला छान बसतात, आणि दहा यार्डांवरून गोळी मारून तपासून झालेत. एवढं स्पष्ट! अवजारं चोरीला गेल्याच्या तक्रारी हातात, खबऱ्याचं पत्र हातात, आणि तरी ग्लेनरोवनला पहाटेच्या धुक्यातून ती आकृती चालत आली तेव्हा पोलिसांना काय समोर आहे ते कळेना, कुणाला भूत वाटलं, कुणाला सैतान. पोलिसांच्या वरिष्ठांमधला हेवादावा तेव्हा इतका होता की एकाच्या खबऱ्यावर दुसऱ्याचा विश्वास नाही. नंतर १८८१ मध्ये चौकशी आयोग बसला आणि बड्या बड्या अधिकाऱ्यांना घरी जावं लागलं. मला वाटतं पोलीस खात्याची तेव्हाची अवस्था त्या आयोगाच्या अहवालापेक्षाही या एका न वाचल्यासारख्या वाचलेल्या पत्रातून जास्त कळते.

भट्टीबद्दल वर्षानुवर्षं वाद होता: एखाद्या पट्टीच्या लोहाराने बनवलं की यांनीच रानात बनवलं? २००३ मध्ये जो बर्नचं चिलखत सिडनीजवळच्या लुकस हाइट्सच्या अणुसंशोधन केंद्रात नेलं आणि न्यूट्रॉनचा मारा करून लोखंडाच्या आतली रचना तपासली, एक ओरखडाही न काढता. निघालं असं की लोखंड साधारण ७५० अंशांपर्यंतच तापवलेलं होतं, ते पण सगळीकडे सारखं नाही, कुठे जास्त कुठे कमी. चांगल्या लोहाराच्या भट्टीत ते हजाराच्या आसपास गेलं असतं आणि काम एकसारखं झालं असतं. म्हणजे रानातली भट्टीच, अर्धवट लाल झालेला पत्रा, आणि तो थंड व्हायच्या आत हाणलेले घाव. लोककथा सांगते की ओल्या झाडाच्या ओंडक्यावर ठेवून ठोकले, ओंडका तर काही सापडलेला नाही पण लोखंडाची साक्ष त्याच बाजूची आहे. मला हे फार भारी वाटतं, की माणसं दीडशे वर्षं गप्प बसली आणि लोखंडाने मात्र तापमान लक्षात ठेवलं.

आता त्या रात्रीकडे येते. २६ जूनला टोळीने आपला जुना मित्र आरन शेरिट याला खबऱ्या समजून मारलं, हेतू हा की पोलिसांची खास ट्रेन मेलबर्नहून धावत येईल. ग्लेनरोवनच्या पुढे रूळ उखडून ठेवले, गावातली साठेक माणसं ॲन जोन्सच्या खानावळीत कोंडून ठेवली. ट्रेन रुळांवरून घसरून खाली जाईल आणि मग हे चौघे चिलखतं घालून समोर उभे राहतील. चिलखत बघितल्यावर मला ही योजना जास्त भयानक वाटायला लागली. ४४ किलो लोखंड घालून पळता येत नाही, घोड्यावर धड बसता येत नाही, बंदूक खांद्याला लावून नेम धरता येत नाही. हे पळून जाणाऱ्याचं किंवा बँक लुटणाऱ्याचं सामान नव्हेच. एका जागी उभं राहून, उलट गोळ्या खात, समोरच्या अडकलेल्या माणसांवर गोळ्या झाडायच्या असतील तरच याचा उपयोग. आणि त्या ट्रेनमध्ये पोलीस होते, माग काढणारे ट्रॅकर होते, पत्रकार होते, एका अधिकाऱ्याची बायको आणि मेहुणी पण होती. टॉमस कर्नो नावाच्या शाळामास्तराने गोडीगुलाबीने नेडकडून घरी जायची परवानगी मिळवली आणि मेणबत्तीपुढे लाल रुमाल धरून ट्रेन थांबवली, म्हणून ते टळलं. कर्नोचं चित्र कुणी टीशर्टवर छापत नाही. पण त्या रात्री सर्वांत मोठं धाडस त्याने केलं असं माझं प्रामाणिक मत आहे, चिलखत न घालता.

खानावळीची भिंत लाकडी फळ्यांची होती. पोलिसांच्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या गोळ्या तिच्यातून आरपार जात होत्या. लोखंड चौघांच्याच अंगावर होतं, बाकीचे साठ जण जमिनीवर पालथे पडून. ॲन जोन्सचा १३ वर्षांचा मुलगा जॉन गेला, मार्टिन चेरी नावाचे म्हातारे गृहस्थ गेले, आणखी एक ओलीस पुढे जखमेने दगावला. जो बर्न आतच मेला, गोळी जांघेत, जिथे चिलखत झाकत नव्हतं. डॅन आणि स्टीव्हही आतच संपले, पोलिसांनी शेवटी ती खानावळ पेटवून दिली.

नेड मात्र पहिल्याच फैरींत पायाला आणि हाताला गोळ्या लागून बाहेर झाडीत गेला होता. तिथे पोलिसांना त्याची पाच गोळ्यांची फिरत्या चक्राची रायफल आणि शिरस्त्राणाच्या आत घालायची गादीसारखी टोपी सापडली, रक्ताने माखलेली. त्याला निसटता आलं असतं. तो पहाटे परत आला, भावाला आणि मित्रांना सोडवायला, आणि अर्धा तास त्या अवस्थेत लढला. चिलखतावरच्या खुणांची मोजदाद झालेली आहे: शिरस्त्राणावर पाच, छातीवर तीन, पाठीवर नऊ, खांद्यावर एक. पाठीवर नऊ! समोरून आलेल्या माणसाच्या पाठीवर इतक्या खुणा म्हणजे चहूबाजूंनी घेरलेलं होतं आणि तो त्या घेऱ्याच्या आत चालत राहिला. शेवटी सार्जंट स्टीलने छऱ्याच्या बंदुकीने त्याच्या पायांवर मारलं तेव्हा तो पडला. पाय उघडेच होते. पायांसाठी लोखंड ना उरलं ना ते झेपलं असतं.

त्याला उचलून चिलखत सोडवलं तेव्हा आत एक हिरवा रेशमी कमरपट्टा निघाला, सोनेरी झालरीचा. लहान असताना ॲव्हनेलला त्याने रिचर्ड शेल्टन नावाच्या बुडणाऱ्या मुलाला ओढ्यातून बाहेर काढलं होतं, त्याच्या घरच्यांनी तो कौतुकाने दिलेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो स्वतःकडे ठेवला आणि आता तो बेनालाच्या म्युझियममध्ये आहे, रक्ताच्या डागांसकट. मरायच्या तयारीने निघालेल्या पंचविशीतल्या पोराने लोखंडाच्या आत काय बांधलं, तर आपण कधीतरी चांगले होतो याचा पुरावा. दगडाच्या काळजाच्या माणसालाही त्यापुढे थांबावं लागतं.

पण मग मी हत्यारांकडे बघते आणि पुन्हा दुसरी बाजू समोर येते. स्ट्रिंगीबार्क क्रीकला गेलेल्या पोलिसांकडे काय होतं? रिव्हॉल्व्हर, सोन्याच्या पहाऱ्यावरून उसनी आणलेली एक स्पेन्सर रायफल, आणि मॅन्सफील्डच्या पाद्र्याकडून मागून आणलेली दुनळी बंदूक. जंगलात केली बंधूंना पकडायला निघालेलं सरकार पाद्र्याची बंदूक मागून नेतंय. तिकडे केलीच्या हातात होती जुनाट कार्बाइन, मोडकी, दोरीने बांधलेली. लोनिगन, स्कॅनलन आणि सार्जंट केनेडी मेल्यावर त्यांची सगळी शस्त्रं टोळीने घेतली. म्हणजे यानंतर जी हत्यारं केली टोळीची म्हणून मिरवली त्यातली काही मुळात मेलेल्या पोलिसांची. केनेडी जखमी होऊन पडला होता आणि नेडने अगदी जवळून गोळी घालून त्याला संपवलं, त्याचं घड्याळही घेतलं, ते पुढे घरच्यांना परत मिळालं. नेडचं म्हणणं, त्याचे हाल बघवेनात म्हणून. केनेडीला पाच लेकरं होती. आणि हे तिघेही आयरिशच होते हो, केलीसारखेच. आयरिश विरुद्ध इंग्रज अशी सरळ मांडणी करणाऱ्यांनी मॅन्सफील्डच्या चौकातल्या स्मारकावरची ही तीन नावं वाचावीत.

आणि या सगळ्याच्या खाली अजून एक थर आहे ज्याची वस्तूच उरली नाही. स्क्वॉटर आणि गरीब शेतकरी ज्या जमिनीसाठी भांडत होते ती दोघांचीही नव्हती, तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, तेही कुणाच्या बापजाद्यांच्या काळात नव्हे, चाळीसेक वर्षांपूर्वीच. नांगराचा तो पत्रा आधी त्यांच्या जमिनीत गेला. क्वीन्सलँडहून आणलेले आदिवासी ट्रॅकर्स पोलिसांबरोबर होते, नेडला खरी धास्ती होती ती त्यांचीच, कारण माग काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. इनामाची वाटणी झाली तेव्हा पोलिसांच्या सुपरिंटेंडंट हेअरला ८०० पौंड मिळाले, ट्रॅकर्सच्या नावे प्रत्येकी ५०, आणि तेही त्यांच्या हातात दिले नाहीत, यांना पैशाचा वापर कळणार नाही म्हणून सरकारकडे ठेवले. त्यांची बंदूक, त्यांचा कोट, काहीही काचेआड बघायला मिळालं नाही मला.

चिलखतांचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. सरकारी मालमत्ता म्हणून जपायचं सोडून ती बक्षिसासारखी वाटली गेली. हेअरने एक चिलखत सर विल्यम क्लार्क या बड्या जमीनदाराला दिलं, नेडचं समजून, आणि ते निघालं जो बर्नचं. बाकी तिघांच्या पत्र्यांची सरमिसळ झाली, एकाचा पाठीचा पत्रा दुसऱ्याच्या छातीला. २००२ च्या सुमारास संस्थांनी आपापसांत तुकडे बदलून घेतले तेव्हा कुठे नेडचं चिलखत पुन्हा एक झालं. डॅन आणि स्टीव्हची पोलीस म्युझियममध्ये आहेत, जोचं अजूनही खाजगी मालकीचं. ज्या धनदांडग्यांच्या विरोधात नेड पानंच्या पानं बोलला त्यांच्यातल्याच एकाच्या घरी त्याच्या साथीदाराचं लोखंड शोभेला गेलं, आणि ज्या लायब्ररीत त्याचं स्वतःचं आहे तिच्या दारात पुतळा कुणाचा, तर न्यायमूर्ती सर रेडमंड बॅरी यांचा. लायब्ररी उभी करण्यात ज्यांचा पुढाकार होता ते हेच, एलन केलीला तीन वर्षं देणारे हेच, आणि नेडला फाशी सुनावणारेही हेच. नेडने कोर्टात त्यांना सांगितलं होतं की मी जिथे जाईन तिथे तुमची भेट होईल, आणि फाशीनंतर बाराव्या दिवशी बॅरी वारले. लोकांना हा किस्सा शापासारखा सांगायला आवडतो. मला मात्र हे जास्त महत्त्वाचं वाटतं की सगळ्यांना फुकट वाचता यावं म्हणून धडपडणारा माणूस आणि बाळंतिणीला सक्तमजुरी देणारा माणूस एकच होता, आणि ते समजून घ्यायचं असेल तर पुतळा आणि चिलखत दोन्ही एकाच आवारात आहेत हे बरंच आहे.

माझं म्हणणं इतकंच की हे लोखंड एकट्याने ठेवू नये. चारही चिलखतं एका खोलीत यावीत, जो बर्नचंही विकत घेऊन यावं, त्यासाठी सरकारने पैसे खर्च केले तर ते वाया जाणार नाहीत. शेजारी लेननचा एक अख्खा नांगर ठेवावा, म्हणजे पत्रा कुठला ते लहान मुलांनाही कळेल. पाद्र्याच्या बंदुकीची हकीकत लिहावी, तिघा पोलिसांची नावं त्यांच्या बायकामुलांसकट लिहावीत, जॉन जोन्सचं वय लिहावं, आणि ट्रॅकर्सची नावं ५० पौंडांच्या हिशेबासह भिंतीवर लावावीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.